अधांतरी चाक



दिल्लीचे सरोजिनी नगर म्हटले की आपणांस स्वस्त कपड्यांचा गजबजलेला बाजार आठवतो. परंतु ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत होय. बदलीच्या हुकमावर आलेल्या नाना प्रांतांच्या कुटुंबांनी येथे संसार मांडले. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील अशा सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली आणि पुढे येथील जुनी घरे पाडली जाऊ लागली. भिंतीला भिंत लावून राहिलेले शेजारी पांगले. जागेवर विटांचे व काँक्रीटचे ढीग पडले.

अशा ढिगाऱ्याकडे ‘रॉक क्रॉलर’ बांधणारा हौशी माणूस वेगळ्याच नजरेने पाहील. रॉक क्रॉलर म्हणजे रेडिओलहरींनी दुरून चालवायचा, खडकांवर चढणारा छोटा ट्रक. बहुधा खऱ्या वाहनाच्या एक दशांश मापाचा. तो तयार मिळतो. तथापि पुष्कळजण सांगाडा, अ‍ॅक्सल, मोटर, टायर निरनिराळे निवडून तो स्वहस्ते जुळवतात. त्याला वेग नको असतो. मोटर अनेकदा फिरावी तेव्हा चाक एकदा फिरावे, अशी दातेचाकांची योजना असते. टायर मऊ रबराचे असून आत हवेऐवजी फोम असतो, म्हणजे ते दगडाला बिलगतात. चढणीवर उलटू नये म्हणून चाकांपाशी पितळेची वजने बसवून भार खाली आणतात.

मात्र सर्वांत महत्त्वाचा निर्णय डिफरन्शियलचा. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. सपाट रस्त्यावर ती उपकारक आहे. खडकावर मात्र एक चाक अधांतरी झाले की सारे फिरणे त्याच्याच वाट्याला जाते. ते हवेत गरगरते आणि खडकाला टेकलेले चाक निश्चल राहते. मोटर गुरगुरते, बॅटरी झिजते, ट्रक तसूभर हलत नाही. म्हणून बांधणारा ही रचना जखडून टाकतो. मग दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. टेकलेले चाक भार ओढते आणि अधांतरी चाकालाही पुढच्या दगडावर नेऊन टेकवते. याची किंमत आहे : वळणे जड होते, टायर घासतात.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीची शक्ती कोठे खर्च होते? जेथे अडथळा नाही, तेथेच ना? नाताळचा कार्यक्रम, व्यासपीठ, हारतुरे, वर्धापनदिन : चाक जोरात फिरते, आवाजही होतो. आणि ज्या घरी दीर्घ आजार आहे, जेथे विधवा एकटी बसली आहे, जेथे कर्त्या पुरुषाची नोकरी गेली आहे, तेथे खरा खडक आहे. आणि तेथले चाक मात्र थांबलेले! वर्षअखेरीस आपण दमलेले असतो, पण आपली मंडळी होती तेथेच असते.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील ते चौघे आठवा. पक्षाघाती मनुष्याला स्वतःच्या पायांचा आधार नव्हता. चौघांनी त्याची खाट उचलली, गर्दी आडवी येताच छपरावर चढले आणि त्याला प्रभूपुढे उतरविले. त्यांतील एकजण जरी आपल्याच सोयीच्या गतीने निघाला असता, तर खाट कलंडली असती. आणि प्रभूने विश्वास पाहिला तो त्यांचा, त्या सर्वांचा!

एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा प्रेषित पौल गलतीकरांस देतो. ती पाळणे म्हणजे दुसऱ्याच्या गतीशी स्वतःला जखडून घेणे. त्यात आपले मोकळेपण उणे होते, चालणे मंदावते, थोडे घासलेही जाते. पण वाचकहो, आज आपण टेकलेले आहोत, उद्या आपणच अधांतरी असू. वसाहती पाडल्या जातात, बदल्या होतात, शेजार तुटतो; तेव्हा ख्रिस्तामध्ये जोडलेले बंधुत्व तरी तुटता कामा नये.

येत्या रविवारी उपासनेस जाल तेव्हा रिकाम्या जागेकडे पाहा. तेथे नेहमी बसणारे कोण आले नाही? उपासना संपताच त्या घरी जा. एकटे जाऊ नका. चौघे मिळून जा. प्रभू आपणांस एका गतीने चालण्याची कृपा देवो. आमेन.