पेन्सिलीची ओळ

पेन्सिलीचं टोक दुसऱ्यांदा मोडलं, तसे ते वायरमनदादा म्हणाले, "मॅडम, उरलेलं उद्या करू का? डोळ्यांपुढे अक्षरं हलायला लागलीत."

त्यांना मोटारसायकलवरून पडून आठ महिने झाले होते. कपाळामागच्या मेंदूला मार बसला होता. नुकसानभरपाईच्या दाव्याला अहवाल हवा होता आणि तो मी लिहायचा होता. माझं शिकाऊपणाचं पहिलंच वर्ष. मी त्यांना एमएमपीआय-२ ही व्यक्तिमत्त्व चाचणी दिली. ५६७ वाक्यं, प्रत्येकाला 'बरोबर' किंवा 'चूक'. ओळीखाली बोट धरून तीन बैठकांत त्यांनी ती पुरी केली.

गुण मांडले. पहिली, तिसरी आणि आठवी पट्टी ६५ या सीमारेषेच्या बरीच वर. पुस्तकातले अर्थ मी जसेच्या तसे उतरवले: शारीरिक तक्रारींचा अतिरेक, विचारांत विस्कळीतपणा, स्किझोफ्रेनियाची शंका. खाली पेन्सिलीने लिहिलं, 'लक्षणं वाढवून सांगत असावेत.'

आमच्या मार्गदर्शक बाईंनी आलेख बाजूला सारला. "उत्तरपत्रिका आण. गुण नको सांगूस, उत्तरं वाच."

डोकेदुखी, हातापायांना मुंग्या, तोल जाणं, वाचलेलं लक्षात न राहणं. सगळीकडे होकार.

"यातलं खोटं काय आहे?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर सुचेना. ही चाचणी मुळात मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी घडवली, ती मनोरुग्णांची उत्तरं समोर ठेवून. मुंग्या येतात म्हणणाऱ्याच्या डोक्याला मार लागलाय, हे तिला कुठून कळणार? मेंदूच्या इजेमुळेच होकार येतील अशी वाक्यं वेगळी काढून गुण पुन्हा पाहावेत, असं कार्लटन गॅस यांनी १९९१ मध्ये सुचवलं. त्यावरही मतभेद आहेत. पण मी तेवढाही विचार केला नव्हता, आणि माझ्या एका ओळीवर एका घराचा दावा अडला असता.

"आता रागाची वाक्यं बघ," बाई म्हणाल्या. तिथे सगळा नकार होता. "हे मात्र त्यांना विचारून कळायचं नाही. बाहेर कोण आलंय?"

बाकावर त्यांची बायको होती, मांडीवर डबा. आधी बोलेचनात. मग म्हणाल्या, "हे खोटं नाही बोलत हो. त्यांना उमगतच नाही. परवा भातात खडा लागला तर ताट भिंतीवर फेकलं, आणि घटकाभराने मलाच विचारतात, भिंतीला काय लागलंय?" डब्याचं झाकण त्या उगाचच घट्ट करत राहिल्या. "आधी शेजारचा फ्यूज उडाला तरी जेवणावरून उठून जायचे. आता आमच्याच माजघरातला दिवा गेलाय, आठ दिवस झाले. अंधारात बसून असतात."

मी पेन्सिलीची ओळ खोडली. कागदावर तिचा वळ राहिलाच, म्हणून नवा कागद घेतला.

"बाई, दिव्याचं अहवालात लिहू?"

"आधी तेच लिही," त्या म्हणाल्या.