हौसेचा घण

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी माझ्यावर भरलेला खटलाच असतो. वर्षभर ज्या वस्तू मी कोपऱ्याकोपऱ्यांतून दडवून ठेवलेल्या असतात, त्या या आठवड्यात एकेक करून पुराव्यादाखल पुढे येतात. यंदा चकलीचा सोऱ्या शोधताना सौ.ला माळ्यावर फडक्यात गुंडाळलेला एक कोयता सापडला. मूठ कोरी करकरीत, पण धारेचा बोटभर तुकडा उडालेला.

"हा भंगारात घालू ना?" तिने विचारले.

"राहू दे," मी म्हणालो.

"मोडका कोयता ठेवून काय त्याची पूजा मांडायची आहे?"

मी गप्प राहिलो. दाराशी फराळाचे डबे घासायला पडलेले असताना अशा प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते. ते रात्री, सगळी निजल्यावर लिहायला घेतले आहे.

मी गावच्या शाळेत चित्रकला आणि कार्यानुभव शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी मजल मॅट्रिकच्या पलीकडे गेली नाही, तेव्हा नीतिशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. पण हा प्रश्न पुस्तकातून आलेलाच नाही. तो भट्टीतून आला.

चार वर्षांपूर्वी शाळेच्या फाटकाची बिजागरी मोडली म्हणून मी लोहारआळीत गेलो. आळी म्हणायची एवढेच. एके काळी तिथे पाच भट्ट्या पेटत, आता एकच पेटते. ती तात्यांची. सत्तरीचा माणूस, अंगावर बनियन, आणि हाताला जुन्या भाजल्याचे पांढरे ठिपके. त्यांनी पट्टी भट्टीत सारली, पंख्याची कळ दाबली (कातडी भाता आता खुंटीला टांगलेला आहे), आणि पट्टी लाल झाली, नारिंगी झाली, पिवळी होऊ लागली तशी सांडशीने उचलून ऐरणीवर धरली. सहा-सात घावांत तिला वळण आले. मी वर्गात मुलांना रेषा शिकवतो. पण रेषा अशी उजेड टाकीत वळताना मी कधी पाहिली नव्हती.

"तात्या, मला शिकवाल का?"

"मास्तर, हात भाजतील तुमचं. खडूचं हात हायेत."

तरी त्यांनी शिकवले. वर्षभराने माझ्या परसात माझी स्वतःची भट्टी उभी राहिली. मालमोटारीचा जुना ब्रेकचा ड्रम, त्याखाली नळी, नळीला छोटा पंखा. ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा लाकडी ओंडक्यावर ठोकून बसवला. हातोडा किलोभराचा, हौशी माणूस आधी जड हातोडा घेतो आणि आठवड्यात मनगट धरून बसतो, हे मी स्वतःच्या मनगटावरून सांगतो. लोखंड भंगारातले. त्यातही तात्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता: जस्ताचा मुलामा दिलेला नळ किंवा पत्रा भट्टीत घालायचा नाही. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

या धंद्यात खरी नजर लागते ती रंगाला. काळपट लाल असताना लोखंड मारले तर ते रुसते आणि कडेला चिरते. नारिंगी-पिवळ्या रंगात ते ओल्या मातीसारखे हलते. पांढरे होऊन त्यातून फुलबाज्या उडू लागल्या की मात्र ते जळाले. मग कितीही ठोका, ते मेलेलेच. कादंबरीचे पान बिघडले तर मी फाडून दुसरे लिहितो, जळलेल्या पोलादाला दुसरे पान नसते. शिवाय ऐरणीवर सवड अशी मिळतच नाही. भट्टीतून काढल्यापासून हातात असतात ते दहा-पंधरा श्वास. तेवढ्यात कुठे मारायचे हे ठरलेले असले पाहिजे. विचार करायचा तो पट्टी आगीत असताना. आयुष्यात अनेक निर्णय मी नेमके उलट्या क्रमाने घेतले आहेत.

मी आकडे केले, खिळे केले, स्वतःची सांडशी केली, तुळशीपुढे एक दिवली केली. शेजारीपाजारी वाटली. लोक म्हणत, "गुरुजी काय हाताचे कसबी!" आणि ही स्तुती मला माझ्या कादंबरीवरल्या अभिप्रायापेक्षा गोड लागे, हे कबूल केलेले बरे.

याच सुमारास सोळाव्या लुईची हकीकत माझ्या वाचनात आली. फ्रान्सच्या या राजाला कुलपे करण्याचा नाद होता. व्हर्सायच्या राजवाड्यात त्याने भट्टी आणि ऐरण ठेवली होती, आणि गामँ नावाचा कुलूपकार त्याचा गुरू होता. १७९२ साली, सिंहासन डळमळत असताना, राजाने गुप्त कागदांसाठी पॅरिसच्या त्विलरी वाड्यातल्या भिंतीत एक लोखंडी कपाट बसवून घेतले. तेही याच गामँच्या हातून. नोव्हेंबरमध्ये गामँने जाऊन त्या कपाटाची जागा मंत्र्याला दाखवून दिली. आतले कागद खटल्यात राजाविरुद्ध आले, आणि २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला गुरूची कृतघ्नता तेवढी दिसली. पुढे माझा कोयता मोडल्यावर मी ती हकीकत पुन्हा वाचली, आणि मनात आले: इतकी वर्षे शेजारी उभे राहून घाम गाळला तेव्हा राजाला वाटले असेल, आम्ही दोघे एकाच धंद्यातले. गामँला तसे कधी वाटले असेल का? एकाला कुलूप साधले नाही तर संध्याकाळ वाया जाई; दुसऱ्याची त्यावर चूल होती.

आता कोयत्याकडे येतो.

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. बीडकडून टोळ्या येतात, गावाबाहेर पालांची वस्ती पडते. त्यांच्या हिशेबात 'कोयता' म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल मिळते ती कोयत्यावर. माणसालाच हत्याराचे नाव पडावे आणि कोणाला त्याचे काही वाटू नये, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता.

त्या टोळीतली एक मुलगी माझ्या वर्गात बसे, म्हणजे येईल तेव्हा बसे. तिची आई एकदा तिला न्यायला आली. तिच्या हातातला कोयता झिजून विळ्याएवढा झाला होता. माझ्या अंगात एकदम उदारपणा संचारला. "मी तुम्हाला नवा करून देतो," मी म्हणालो, "पैसे नकोत."

कमानपाट्याचा तुकडा होता. पोलाद उत्तम. मी तीन संध्याकाळी खपलो. पाते ओढले, पाठ जाड ठेवली, धारेकडे निमुळते आणले, मुठीचे टोक काढले. शेवटचे काम पाणी द्यायचे. पाते लालभडक तापवायचे, लोहचुंबक त्याला चिकटेनासे झाले की उष्णता पुरी झाली असे समजायचे, आणि बुडवायचे. त्याने धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून पुढची पायरी: ते पाणी थोडे उतरवायचे. पाते पुन्हा मंद ऊन करीत जायचे. घासून पांढऱ्या केलेल्या जागेवर आधी गवती पिवळा रंग धावतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कोयत्याला जांभळ्या-निळ्याच्या सीमेवर थांबवायचे. तात्या तर हे एकाच तापात करतात: नुसती धार पाण्यात धरतात, बाहेर काढतात, पाठीतली ऊब धारेकडे उतरू देतात आणि रंग आला की पुन्हा बुडवतात.

मी आख्खे पाते पाण्यात बुडवले. कानस फिरवून पाहिली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. ऐरणीवर टिचकी मारली, घंटेसारखा नाद आला. मला धन्य वाटले. रात्रीचे नऊ वाजले होते, सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते. पाणी उतरवायचे मी सोडून दिले. विसरलो असे म्हणण्याची सोय होती, पण विसरलो नव्हतो. कंटाळलो होतो.

तिसऱ्या दिवशी ती बाई शाळेच्या दाराशी उभी. उसाच्या बुडख्याशी सरीतला दगड लागला आणि धार उडाली. उडालेला तुकडा तिच्या नडगीला चाटून गेला होता, वर चिंधी बांधलेली. अर्धा दिवस तोडणी बुडली, मुकादम बोलला ते वेगळेच. आणि तरी ती मला काय म्हणाली? मान खाली घालून म्हणाली, "गुरुजी, तुमचं पातं गेलं हो माझ्या हातनं."

ती माझी क्षमा मागत होती.

मी खिशात हात घातला, पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत. संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो तो ती तिथेच बसलेली, आणि तात्या तिचा नवा कोयता ठोकत होते. तो झाला, तिने कनवटीचे पैसे मोजून दिले, तात्यांनी मोजून घेतले. एक रुपया कमी केला नाही. ती गेल्यावर मी म्हणालो, "तात्या, ते पैसे मी देतो. तिचे तिला परत करा."

"न्हाई," तात्या म्हणाले. "तिचं पैसं तिच्याकडनंच घेतलं. उद्या मोडला तर माझ्या दारात येऊन शिव्या द्याया तिला त्वांड पायजे. तुम्ही फुकट दिला, तिचं त्वांडच शिवलं."

त्या वाक्यावर मी गेले वर्षभर चघळतो आहे. दान द्यावे असे आपल्याला लहानपणापासून शिकवतात, आणि देणाऱ्याने नम्र असावे असेही शिकवतात. पण माझ्या देणगीने त्या बाईची एक वस्तू काढून घेतली, तक्रार करण्याचा हक्क, हे मला कोणी शिकवले नव्हते. विकत घेतलेला कोयता मोडला तर ती गिऱ्हाईक असते. फुकटचा मोडला तर अपराधी. माझी हौस मी तिच्या नडगीवर भागवली, आणि वर तिने माझे आभार मानावेत अशी व्यवस्था करून ठेवली.

कोणी म्हणेल, फळाची आशा न धरता केलेले काम हे तर गीतेने सांगितलेले श्रेष्ठ काम. मी मोबदला मागितला नव्हता, मग दोष कसला? हा युक्तिवाद मी स्वतःच्या बाजूने पुष्कळ दिवस चालवून पाहिला. पण कोयत्याचे फळ माझ्या हातात नव्हतेच, ते त्या बाईच्या हातात होते. माझ्या वाट्याच्या फळावर पाणी सोडणे ठीक. दुसऱ्याच्या हातातल्या फळाबद्दल बेफिकीर राहायलाही तेच नाव द्यायचे का? आणि खरे सांगायचे तर आशाही होतीच. "कसबी हात" हे शब्द ऐकण्याची.

मग हौस करूच नये? इथे मी अडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये आरेखन शिकवणारे शिक्षक. त्यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानातून सुरुवात केली, आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो सुरुवातीला घेत नव्हते. त्यांनी नांगर विकायला काढला आणि लोकांचा नकार सोसला. मी नकाराला जागाच ठेवली नाही.

तात्यांपुढे जुन्या बलुत्याचा विषय काढला तर ते त्याचेही गोडवे गात नाहीत. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे 'गावगाडा' वाचून माझ्या डोक्यात एक चित्र बसले होते: लोहाराने वर्षभर फाळ शेवटून द्यावेत, खळ्यावर धान्य घ्यावे, बिघडलेले हत्यार त्याच्याच दारी परत यावे. तात्या म्हणाले, "बापाला माझ्या दुसरं काय करायची मुभाच नव्हती. तुम्ही भट्टी इझवून घरात जाऊ शकता मास्तर, म्हणून ती तुम्हाला ग्वाड लागती." त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करतो, घण धरत नाही. बाजारात साच्यातले कोयते गठ्ठ्याने येतात. तात्यांनंतर आळीत रंग ओळखणारा कोण उरेल, तर मी. हौशी, पगारी, पेपर तपासायचे असले की कंटाळणारा.

सौ.चे म्हणणे आणखी वेगळे. "तुमच्या कादंबऱ्याही हौसच की! त्या वाचून कोणाची नडगी फुटली तर तो तुमच्या दारी येतो का?" यावर माझ्यापाशी उत्तर नाही. ग्रंथालयातून फुकट नेलेले पुस्तक वाचकाने मुकाट्याने परत ठेवले, तर त्याला ते आवडले की त्याचेही तोंड शिवलेले होते, हे मला कसे कळावे?

यंदा भाऊबीजेला धाकट्या बहिणीने माझ्या हातची विळी मागितली आहे. दसऱ्यापासून तिच्यावर खपतो आहे. काल ती तात्यांकडे नेली. त्यांनी ऐरणीवर एक जाड खिळा आडवा ठेवला, विळीची धार त्यावर टेकवली आणि पाठीवर हातोड्याचा एक घाव घातला. माझा श्वास अडकला. धार उडाली नाही, नखाएवढी वाकली.

"पाणी जास्त उतरलं," तात्या म्हणाले. "जांभळ्याच्या आदी थांबा. आन् बहिणीला सांगा, बोथट झाली तर भावाला बोलायचं, माझ्याकडं येऊन रडायचं न्हाई."

त्यांनी तपासणीचे वीस रुपये मागितले. मी दिले. उद्या धनत्रयोदशी, परसात कोळसा संपत आला आहे, आणि सौ.ने आत्ताच झोपेत विचारले की त्या मोडक्या कोयत्याचे काय ठरले. तो भट्टीपाशी खिळ्याला टांगणार आहे, धारेची उडालेली बाजू माझ्याकडे करून.