पिंगलेची रात्र आणि न विकले जाणारे घर



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. पृथ्वी, वायू, आकाश यांच्याच मालिकेत विदेहनगरीची पिंगला नावाची गणिका आहे. ती सायंकाळी शृंगार करून दारात उभी राहिली. येणारा प्रत्येक पुरुष तिला धनवान वाटे. तो पुढे निघून गेला, की याहून अधिक देणारा मागून येईल अशी आशा. आत जावे, पुन्हा बाहेर यावे, असे करता करता मध्यरात्र झाली.

आपल्या लश्करातील जुना वाडा विकावयास काढलेल्या कुटुंबाची अवस्था याहून फार निराळी नसते. या तुलनेने कोणी रागावू नये. अवधूताने तिला गुरू मानले आहे. मुले परगावी स्थिरावली, वृद्धांना जिना चढवत नाही, म्हणून विक्रीचे ठरते. दलाल माणसे आणतो. ती अंगण पाहतात, महिरपींचे कौतुक करतात, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि कळवीत नाहीत. एक वर्ष जाते, दुसरे लागते. दाराची कडी वाजली की घरातील सर्वांचे श्वास थांबतात.

लश्कर हे नावच मुळी छावणीचे. दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ येथे पडला आणि तळाचे शहर झाले. तंबूंत उतरलेल्यांच्या वंशजांना घर हलवणे इतके जड जावे, हेही नवलच.

विक्री अडण्याची कारणे बहुधा दैवात नसून कागदांत असतात. गल्लीत मोटार शिरत नाही, त्याला इलाज नाही. परंतु आजोबांच्या पश्चात नामांतरणच झालेले नसते, आणि बहीण सही देईलच असे गृहीत धरलेले असते. २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्यासाठी त्या वेळी पिता हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरी बहिणीची आठवण भाऊबिजेस होते, व्यवहाराच्या बैठकीस होत नाही. अशा घरापासून दूर राहणारा ग्राहक शहाणाच म्हटला पाहिजे.

दिवस लांबले की मोह शिरतो. ओल धरलेल्या भिंतीवर घाईने रंगाचा हात फिरतो, वाळवी लागलेली तुळई कापडी छताआड जाते. सहज न दिसणारा मोठा दोष ठाऊक असूनही न सांगणे, हे मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यानेही कपट मानले आहे. धर्माला तर कलमाची गरजच नाही. घेणाराही गृहस्थच असतो. कर्ज काढून तो त्याच तुळईखाली मुलांना निजवणार असतो.

आणि किंमत? तिच्यात आपण मुंजी, लग्ने, आजीचा ओटा, सारे धरतो. घेणारा मात्र भिंती आणि जागा घेतो. काही जण दुसऱ्या टोकास जाऊन ‘येईल त्या किमतीस द्या’ म्हणतात, तेही भावंडांना न विचारता. तुकोबांची कथा अशी सांगतात, की कर्जखतांतील अर्धी त्यांनी आधी भावास दिली आणि केवळ आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुसऱ्याच्या वाट्यावर केलेल्या उदारपणास वैराग्य म्हणत नाहीत.

पिंगलेने आशा टाकली आणि तिला गाढ झोप लागली. गृहस्थाने प्रयत्न टाकावयाचा नाही. नाव चढवावे, बहिणीस बोलवावे, गळती दाखवून सांगावी, शेजारच्या घरांची नोंदलेली खरेदीखते पाहून सर्वांच्या संमतीने आकडा ठरवावा. मग रात्री दाराला अडसर घालून निजावे.

ग्राहक येईपर्यंत देवघरातील दिवा व वृंदावनापुढची सांजवात चालू ठेवावी. खरेदीखत होण्यापूर्वी पूजा करून देव सन्मानाने नव्या जागी न्यावेत. तुळस तेथेच राहणार असेल, तर तिला पाणी घालण्याविषयी नव्या मालकिणीस सांगावे.