आधी स्वतःला, म्हणजे कुणाला?

जॉर्ज क्लासनचं 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' कुणी मुलांसाठी विचारलं तर मी बिनधास्त सुचवतो. 1926 पासून यातल्या गोष्टी छोट्या पुस्तिकांमधून निघाल्या आणि बँका, विमा कंपन्यांनी त्या लोकांना वाटल्या. बचत शिकवण्यात वाटणाऱ्यांचाही फायदा होताच. तरी मुद्दा सोपा आणि खरा आहे: कमाईचा दहावा हिस्सा खर्चाआधी बाजूला काढायचा. आधी स्वतःला द्यायचं, मग बाकीच्यांना.

पण आपल्याकडे हा 'स्वतः' कुठे संपतो?

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगार झाला की आधी गावी पैसे जायचे. काकांची विहीर, आत्याचं बाळंतपण, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उरलं तर पोस्टात आरडी. गेल्या दिवाळीत माझ्या नववीतल्या भाच्याने 'रिच डॅड पुअर डॅड' संपवलं आणि त्यांना विचारलं, "आजोबा, म्हणजे तुम्ही पुअर डॅड ना?" ते हसले. मला काही हसू आलं नाही.

पोराने वाचलं ते बरोबरच होतं. कियोसाकींच्या 1997 च्या त्या पुस्तकातला गरीब बाप उच्चशिक्षित, शिक्षण खात्यातला, पगारदार माणूस आहे. खिशात पैसे आणते ती मालमत्ता, खिशातून नेतं ते देणं, ही तिथली व्याख्या उपयोगी आहे आणि मुलांना दहा मिनिटांत कळते. माणसांना लावली की मात्र आजीसुद्धा देण्याच्या रकान्यात जाते. मराठीत कर्जही देणंच आणि दिलेलंही देणंच, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. काकांच्या विहिरीवरचे गहू आमच्याकडे दरवर्षी यायचे, ते कुठे लिहायचे?

अर्थात वडिलांचं निभावलं ते पेन्शनमुळे. 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या शिक्षकांना महाराष्ट्रात साधारणपणे ती जुनी पेन्शन राहिली नाही, आणि आम्हा आयटीवाल्यांचा तर प्रश्नच नाही. सगळं वाटून टाकलेला माणूस साठीनंतर पोरांवर अवलंबून राहतो, हेही कुणालातरी भोगावं लागतं. म्हणून दहावा हिस्सा मी काढतो आणि भाच्यालाही काढायला सांगेन. फक्त आजोबांना नापास करण्याचा हक्क त्या हिशेबाला नाही, असं मला वाटतं.

सध्या त्याला मी वडिलांच्या जुन्या वह्या दिल्या आहेत. आठवीत चक्रवाढ व्याज झालंय त्याचं. 1999 साली विहिरीला दिलेले 5,000 रुपये दरसाल आठ टक्क्यांनी 25 वर्षांत 34,000 च्या वर गेले असते, हे त्याने स्वतः काढलं. बरं झालं. आजोबांनी काय सोडलं ते त्याशिवाय त्याला कळलं नसतं. परवा फोन करून विचारत होता, गव्हाला कोणत्या वर्षाचा भाव धरायचा.