पहिला फेरा



आपल्या धर्मग्रामातील वयस्कर मंडळींना वाडीतला रहाट आठवत असेल. थांबलेला रहाट हलवायला बैलाला जोर लावावा लागे, लाकूड कुरकुरे. एकदा का तो फिरू लागला की बैल आपल्या लयीत चालत राही. एका गाडग्यात पाणी ते किती? पण गाडग्यामागून गाडगे येई आणि सकाळभरात केळीची सारी रांग भिजून निघे.

आपल्या आध्यात्मिक जीवनाचा रहाट बहुधा त्या पहिल्या फेऱ्यालाच अडतो. रिट्रीट संपवून आपण घरी येतो ते मोठमोठे निश्चय करूनच. रोज पहाटेची मिस्सा, रोज संध्याकाळी कुटुंबात जपमाळ, दारू कायमची बंद, भावाशी असलेले वैर आजपासून संपले. दोन आठवडे सारे सुरळीत चालते. मग एक दिवस चुकतो, आणि 'हे आपल्याला जमणारे नाही' असे म्हणून आपण सारेच सोडून देतो.

आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. एका उपवासकाळात आम्ही रोज एका आजाऱ्याच्या घरी जाण्याचा निश्चय केला होता. पहिला आठवडा गेलो. मग सभा आल्या, कार्यालयातली कामे आली आणि तीन दिवस चुकले. चौथ्या दिवशी वेळ होता, तरी गेलो नाही. निश्चय मोडलाच आहे, आता काय जायचे, असे मनाने घेतले. पुढे त्यातल्या एका आजोबांच्या अंत्यविधीला गेलो, तेव्हा त्यांच्या सुनेने सांगितले, "फादर, बाबा रोज दुपारी तुमच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचे." चुकलेल्या तीन दिवसांबद्दल प्रभू आम्हाला क्षमा करील, पण त्या चौथ्या दिवसाचा विचार आजही मनाला टोचतो. आमचा खरा पराभव त्या दिवशी झाला.

१ ऑक्टोबरला आपण बाळ येशूच्या संत तेरेजाचा सण साजरा करतो. ती अवघी २४ वर्षे जगली (१८७३-१८९७) आणि त्यातली शेवटची नऊ वर्षे फ्रान्समधील लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. तिने मोठी संस्था उभारली नाही की दूरदेशी मिशनकार्य केले नाही. तरी १९२७ साली ख्रिस्तसभेने तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरवले आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून घोषित केले.

हीच तेरेजा लहानपणी फार हळवी होती. ती चार वर्षांची असताना आई वारली. त्यानंतर जरा काही मनाविरुद्ध झाले की तिचे डोळे भरून येत. १८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून सारे घरी परतले. शेगडीजवळच्या बुटांत तिच्यासाठी भेटवस्तू ठेवल्या होत्या. थकलेले वडील थोडे वैतागून म्हणाले की बरे झाले, हे लाड आता यंदापुरतेच. जिना चढणाऱ्या तेरेजाच्या कानी ते शब्द पडले. बहिणीला वाटले, आता ही रडणार. पण तेरेजाने अश्रू आवरले, खाली आली आणि हसत हसत एकेक भेट उघडू लागली. वडीलही खुलले. घडले ते एवढेच. तरी त्या रात्रीला ती आपल्या परिवर्तनाची रात्र मानत असे आणि तिथूनच तिची खरी धाव सुरू झाली.

मठात एक आजारी, चिडखोर वृद्ध सिस्टर होत्या. त्यांना रोज संध्याकाळी प्रार्थनेतून भोजनगृहात हात धरून न्यावे लागे. भरभर चालले तर त्या रागावत आणि हळू चालले तरी रागावत. तेरेजाने हे काम आपणहून मागून घेतले. काही दिवसांनी तिच्या लक्षात आले की अधू हातांमुळे त्यांना भाकर कापता येत नाही. मग ती निघण्यापूर्वी त्यांची भाकर कापून देऊ लागली, आणि जाताना मनापासून हसू लागली. रहाटाचे फिरणे ते हेच. पहिली सेवा केली म्हणूनच दुसरी दिसली. हात धरला नसता, तर न कापलेली भाकर कधी नजरेस पडलीच नसती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे सद्गुणांवरील विवेचन वाचले होते. ते म्हणतात की प्रत्येक घासाने शरीर वाढत नाही आणि प्रत्येक थेंबाने दगड झिजत नाही, तरी घासामागून घास आणि थेंबामागून थेंब पडत राहिले की शेवटी वाढ होते, दगडाला खळगा पडतो. सद्गुणाचेही तसेच. म्हणून आज फरक दिसला नाही तर खचू नये. त्याच ठिकाणी ते एक इशाराही देतात. असलेल्या बळापेक्षा कमी मनाने केलेली कृती तो गुण दुबळा होण्याची वाट मोकळी करते. लहान कृती चालेल. अर्ध्या मनाची चालणार नाही.

मात्र एक गैरसमज नको. रहाट पाणी निर्माण करीत नाही. पाणी झऱ्याचे असते, रहाट ते फक्त वर आणतो. आपल्या लहान कृतींनी आपण स्वतःला पवित्र करीत नाही. कृपा प्रभूची आहे. त्याच्या दाखल्यातला शेतकरी बी टाकून झोपी जातो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. पण बी तर टाकावे लागतेच ना?

आपल्या गावांत एका अंगणात राहूनही वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ आहेत. कुंपणाच्या हातभर जागेवरून अबोला धरलेली घरे आहेत. मिस्सामध्ये आपण शेजारच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला शांती देतो आणि सख्ख्या भावाला टाळून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. तो सारा तंटा या आठवड्यात मिटवा, असे आम्ही सांगत नाही. तो समोर आला तर मान फिरवू नका, एवढेच करा. पुढच्या आठवड्यात "बरा आहेस ना?" असे विचारा. तो उत्तर देणार नाही, कदाचित. तरी पुन्हा विचारा. एखादा दिवस चुकलाच, तर निश्चय मोडला म्हणून सोडून देऊ नका. प्रायश्चित्त संस्कार त्यासाठीच आहे. थांबलेल्या रहाटाला प्रभू तिथे पुन्हा पहिला फेरा देतो.

आम्हीही आजाऱ्यांच्या भेटी पुन्हा सुरू करीत आहोत. रोज जमेल असे वचन देत नाही. पण चौथा दिवस मात्र चुकवणार नाही. आमच्यासाठी प्रार्थना करा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्ताच्या सेवेत,
आपले धर्मगुरू