नऊ गुणांचा वजीर

बुद्धिबळ शिकायला बसलेल्या मुलाकडून आधी भाव पाठ करून घेतात: प्यादे एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. डावाच्या मध्यात हा हिशेब बरा चालतो. पट रिकामा झाला की तो दगा देतो. काळ्याचे प्यादे सी-२ वर, राजा बी-१ वर, पांढरा राजा लांब. वजिराने बी-३ वरून शह दिला की काळा राजा प्यादे वाऱ्यावर सोडून खुशाल ए-१ च्या कोपऱ्यात जातो. प्यादे मारले तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही, पण काळ्याला चालही उरत नाही! नऊ विरुद्ध एक, आणि डाव बरोबरीत. तेच प्यादे डी-२ वर असते तर वजीर जिंकला असता.

तेव्हा वजिराच्या ताकदीआधी समोरच्याला लपायला जागा आहे का, हे पाहावे लागते. इटलीच्या लोलीने १७६३मध्ये अशी एक जागा दाखवली: कोपऱ्याजवळ राजा, त्याला बिलगून दोन उंट, आणि वजिराला आत शिरायला वाट नाही. हा किल्ला आजही अभेद्य आहे. घोळ झाला तो पुढे. एका किल्ल्यावरून लोकांनी नियमच करून टाकला की दोन उंट वजिराला सहसा रोखतात.

फ्रान्सच्या फिलिडोरने १७७७मध्ये वजीर विरुद्ध हत्ती सोडवला. पांढरा राजा सी-६, वजीर ए-५. काळा राजा बी-८, हत्ती बी-७. चाल काळ्याची असेल तर त्याचे संपले. हत्ती राजापासून तुटतो आणि शहांच्या माऱ्यात सापडतो. चाल पांढऱ्याची असेल तर वजीर ई-५ आणि ए-१ वरून शह देत पुन्हा ए-५ वर येतो. स्थिती तीच, पाळी मात्र काळ्याची. पटावरचा सर्वांत बलाढ्य मोहरा इथे फक्त एक चाल जिरवतो, आणि तेवढ्यावर डाव जिंकतो.

हा विजय सोपा समजला जाई. १९७०च्या दशकाच्या अखेरीस संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्प्सनच्या 'बेल' या यंत्राने हत्ती घेतला आणि समोर अमेरिकेचा विजेता वॉल्टर ब्राउन वजीर घेऊन बसला. माणसाचा हत्ती राजाला चिकटून राहतो. यंत्राचा हत्ती बिनधास्त दूर गेला. मोहरा न मारता, प्यादे न हलवता पन्नास चाली गेल्या की बरोबरी मागता येते; तेवढ्यात ब्राउनला जमले नाही. अभ्यास करून तो परतला आणि बरोबर पन्नासाव्या चालीला जिंकला.

पुढे थॉम्प्सनच्या यंत्रांनी दोन उंटांचाही निकाल लावला: लोलीचा किल्ला गाठता आला नाही तर वजीर बहुधा जिंकतो, पण त्याला ७१ चालीही लागू शकतात. दोन घोडे मात्र राजाजवळ असले की सहसा तग धरतात. गंमत अशी, की अमेरिकन बुद्धिबळपटू लॅरी कॉफमनने १९९९मध्ये हजारो डाव तपासून नवे भाव मांडले, त्यांत वजीर पावणेदहाचा, घोडा आणि उंट सव्वातीनचे, आणि उंटांच्या जोडीला वर अर्धा गुण. भाव उंटांना जास्त, बचाव घोड्यांचा पक्का. ते आकडे खोटे नाहीत, पण ते भरल्या पटाचे आहेत. ओसाड पटावर मी तरी त्यांच्या भरवशावर वजीर घेणार नाही.

फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने अशा काही निवडक शेवटांना काही काळ ७५ चालींची मुभा दिली होती. १९९२मध्ये ती काढून घेतली. त्यामुळे आज दोन उंटांविरुद्धच्या एखाद्या स्थितीत संगणक वजिराचा विजय दाखवतो, आणि पन्नास चाली भरल्या आणि खेळाडूने दावा केला की पंच दोघांनाही अर्धा-अर्धा गुण देऊन मोकळे होतात.