शरकाराची रेघ

शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली आणि रंगपेटी माळ्यावर गेली. "चित्रांनी पोट भरत नाही," वडील म्हणत. चाळीतल्या संसारात त्यांचेही चुकले नव्हते.

१८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघरी भिंतीवर आले. आमच्या मुलुंडच्या घरातली दत्ताची तसबीर त्याच वळणाची. निवृत्तीनंतर तिच्याकडे पाहत पुन्हा पेन्सिल धरली. पण मन खाई : उरलेले दिवस नामाचे, त्यात हा पोरखेळ कशाला?

उत्तर भागवताच्या एकादश स्कंधात मिळाले. अवधूताच्या चोवीस गुरूंत एक शरकार आहे, बाण घडवणारा. कामात तो इतका गढला, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही!

गाईचे डोळे रेखाटताना माझाही तास असाच गेला. पण चित्र पुरे होताच ते भजनी मंडळात कधी दाखवतो असे झाले. म्हणजे राजाची स्वारी मला दिसू लागली. तेव्हा उमगले, मोह रंगांत नाही, वाहवा ऐकायला टवकारलेल्या कानांत आहे. नाम घेतानाही ते कान असतातच की!

आता चित्र झाले की देवापुढे ठेवतो. दाखवायची घाई नाही.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥